पाटकऱ्याचा चार्ज

मंगळवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी विक्रम पाटकऱ्याच्या पुढं गेला.

तर असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य वाऱ्यानं कुठून तरी उडून आलं असेल, ते वाचलंच नाही असं धरून चालायचं. कालव्याकाठच्या पाच गावांत कुणालाही विचारा, कुणी कुणाच्या पुढं गेल्याचं कुणीही पाहिलेलं नाही. जेवायची वेळ होती. पाच गावांतली सहा हजार माणसं त्या मिनिटाला ताटात मान घालून बसली होती, असा त्यांचा जबाब आहे आणि तो बदलणार नाही.

तेव्हा सुरुवातीपासून बघू.

विक्रम शितोळे, वय सत्तावीस, रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला होता. म्हणजे दिवसभर एकेक नट हातात घेऊन तो नटच आहे याची खात्री करायची. गाव इनामगावच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या अगदी शेवटी. शेवटाला सगळे टेल म्हणतात. टेलच्या माणसाला सगळं मिळतं, फक्त बाकीच्यांचं झाल्यावर: पाणी, वीज, पत्रिका, लग्नातली जिलबी. विक्रमला या शेवटाचा कंटाळा आला होता. चेन्नईजवळच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली होती आणि दौंडहून रविवारच्या गाडीचं तिकीट काढून झालं होतं. हे तिकीट तो मोबाईलमध्ये दिवसातून पाच वेळा उघडून बघायचा. तिकीट आहे ना, हे बघायचा नाही. आपण जाणार आहोत ना, हे बघायचा.

जायच्या आधी त्याला एकच गोष्ट करायची होती. धरणापासून टेलपर्यंत अख्खा कालवा एका दमात सायकलनं मारायचा. बत्तीस किलोमीटर, पाय खाली न टेकता. ज्या कालव्यानं आपल्याला जन्मभर शेवटाला ठेवलं, तो एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाकाखाली घ्यायचा आणि मग चेन्नईला जायचं.

त्यासाठी त्यानं सायकलही घेतली होती. ग्रॅव्हल बाईक. मेंढ्याच्या शिंगासारखं हँडल, जाड खरबरीत टायर, डिस्क ब्रेक. न्हावऱ्याच्या फाट्यावर त्याच्या शाळेतल्या मित्राचं, नौशादचं सायकलचं दुकान होतं. नौशादनं त्या सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"रेसची हाय का शेतातली?"

"दोन्ही."

"म्हंजी कुठलीच न्हाई."

"मुरमाच्या रस्त्यासाठी असते, नौशा. परदेशात लोक कालव्याकाठनं, बागांमधनं हिंडतात हिच्यावर."

"मुरमाच्या रस्त्यानं आपल्या म्हशी रोज जात्यात. त्यांना कुणी येगळी म्हस दिली न्हाई."

पण सायकल चांगली होती. कालव्याचा भराव म्हणजे एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला ऊस आणि कांदा, मध्ये मुरमाची वाट, वाटेवर वेड्या बाभळींच्या काट्यांची पखरण. कामावरून सुट्टी टाकून विक्रम मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघाला. पाट कोरडा होता. उन्हाळी पाळीचं पाणी अजून सुटायचं होतं.

चौथ्या मैलाच्या दगडापाशी त्याला पुढं एक सायकलवाला दिसला.

काळी, उंच, जुनी सायकल. कॅरिअरच्या चिमट्यात एक जाड रजिस्टर. दांडीला आडवी बांधलेली हातभर लांब लोखंडी चावी, पाटातून शेतांत जाणाऱ्या चाऱ्यांची दारं उघडायची असते तसली. खाकी शर्ट, डोक्याला पंचा. पाय असे फिरत होते जणू माणूस सायकल चालवत नसून घड्याळाला चावी देतोय. साखळीचा खर्र, खर्र आवाज येत होता.

विक्रमनं हिशोब केला, दोन मिनिटांत मागं टाकू. वीस मिनिटांनी तो माणूस तितक्याच अंतरावर होता. विजेचे दोन खांब, ना एक कमी ना एक जास्त. विक्रमनं वेग वाढवला. त्याच्या चाकामागं इतका फुफाटा उठला की कांद्यातल्या बायकांनी पदर तोंडावर घेतले. पुढच्या काळ्या सायकलीमागं कणभर धूळ नव्हती. आणि त्या बायकांचं एक वेगळंच होतं. विक्रम येताना त्या टक लावून बघायच्या. काळी सायकल जायची तेव्हा मात्र सगळ्या एकदम खाली बघायच्या, वाफ्यात काही तरी पडल्यासारखं.

तासाभरानं विक्रमला घाम पुसताना मीटर दिसला. एकेचाळीस किलोमीटर झाले होते. कालवा बत्तीसचा. बाजूला मैलाचा दगड होता, त्यावर नऊ लिहिलं होतं. त्याआधीच्या दगडावरही नऊ होतं. त्याच्याआधीच्या दगडाजवळ एक तुटकी पाटी पडली होती, तीच पाटी इथंही होती.

तो माघारी वळला. परतीला कालवा प्रामाणिक निघाला. नऊ मैल ते धरण, चौदा-साडेचौदा किलोमीटर, बरोब्बर भरले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो भल्या सकाळी निघाला, तरी नवव्या मैलाला पोचेपर्यंत बारा वाजले. मधले पाच तास कुठं गेले ते कळलं नाही. काळी सायकल होतीच, दोन खांब पुढं. खर्र, खर्र.

चौथ्या दिवशी त्यानं नौशादला सांगितलं. नौशाद चाकाची तार आवळत होता. त्याचा हात थांबला.

"तुला दिसतो व्हय त्यो?"

"तुला नाही दिसत?"

"आमी बघत न्हाई," नौशाद म्हणाला, "म्हंजी दिसायचा प्रश्नच येत न्हाई." मग दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीकडं तोंड करून त्यानं हाक मारली. "चाचा, हे बघा, बापूसाहेबांचा विक्रम. ह्याला बिरदेव भेटलाय."

इनुसचाचा नौशादचे चुलत आजोबा. तीस वर्षं कालव्यावर मजूर होते, दारं उचलायची आणि गाळ काढायची. आता डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची त्यांना घाई नव्हती, कारण कालवा आता स्वच्छ दिसत नाही हेच बरं, असं त्यांचं म्हणणं.

"किती मैलाला?" त्यांनी विचारलं.

"नवव्या."

"हां. फुडं जाऊ देत न्हाई त्यो कुणाला. भला माणूस. पाटकरी व्हता. वारला त्याला अकरा वर्षं झाली. उन्हाळी पाळी सुरू व्हती. नवव्या मैलाला बाभळीखाली सायकल स्टँडला लावली आन् पाण्याची वाट बघत बसला. पाणी आलं. त्यो काय उठला न्हाई."

"मग?"

"मग दुसऱ्या दिशी टेलला पाणी टायमात पोचलं. कुणी आणलं, कुणी इचारलं न्हाई. टेलच्या लोकानं तर अजिबात इचारलं न्हाई."

पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी शेतोशेत वाटून देणारा. पाणी सुटलं की त्याच्या तोंडाबरोबर सायकलीवर चालायचं, कुणी मध्येच दार फोडू नये म्हणून. कोरड्या पाटातनं पाणी माणसाच्या चालीनं येतं, पाटकरीही त्याच चालीनं. पुढं पाटकरी आणि पाणी, मागं बाकीचं जग. पाळी चालू असताना पाटकऱ्याच्या पुढं कुणी जायचं नाही, ही कालव्याची रीत. पुढं गेला तो दार फोडायला गेला, असा अर्थ धरत. एकदा एक वऱ्हाड सात मैल पाटकऱ्याच्या मागून चाललं. नवरदेव मांडवात पोचला तेव्हा अक्षता संपल्या होत्या आणि लोकांनी त्याला नुसतं जेवायला वाढलं.

"पण मेल्यावरही कशाला फिरतोय?" विक्रमनं विचारलं.

"चार्ज दिला न्हाई ना कुणाला."

हे चाचांनी अशा सुरात सांगितलं, जणू कुणी छत्री विसरली असावी. पण विक्रमला ते पटलं. सरकारी कामात माणूस मरतो, चार्ज मरत नाही. बिरदेवच्या जागी दुसरा माणूस आलाच नाही. पुढं कागदावरची ती जागाही काढून टाकली. चार्ज द्यायला समोर कुणी नाही, परत करायला जागा नाही. अशा परिस्थितीत कोणताही जबाबदार कर्मचारी कामावर येत राहील.

"आणि कुणी पुढं गेलं तर?"

"तर चार्ज त्याचा. म्हणून तर त्यो जाऊ देत न्हाई. सांगितलं ना, भला माणूस." चाचांनी विक्रमच्या दिशेनं बोट केलं, ते थोडं डावीकडं गेलं. "एक मातर करायचं न्हाई. पाटकऱ्याला इचारायचं न्हाई, पाणी कुठवर आलं म्हणून."

हीसुद्धा रीत होती. पाटकऱ्याला वाटेत कुणीही, अगदी शेंबड्या पोरानंही, 'पाणी कुठवर आलं' असं विचारलं की त्यानं थांबायचं, एक पाय टेकायचा आणि खरं सांगायचं. बिरदेव गेल्यापासून पाच गावांत हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. घरातली टाकी भरतानासुद्धा बाया 'टाकीचं कसं काय' असं विचारायच्या.

"इचारलं तर त्यो थांबंल," चाचा म्हणाले. "थांबलेल्या माणसाच्या फुडं जायला काय लागतंय."

चाचांनी हे सावध करायला सांगितलं. विक्रमनं ते कृती म्हणून ऐकलं. क्वालिटीच्या माणसात हा दोष असतो. 'असं केल्यास यंत्र बिघडेल' अशी पाटी दिसली की त्याच्या मनात पहिलं येतं, म्हणजे असं करता येतं तर.

"चार्ज आला तर आला," बाहेर आल्यावर तो नौशादला म्हणाला. "रविवारी मी चेन्नईच्या गाडीत. तिथं कुठला कालवा?"

"समुद्र हाय की," नौशाद म्हणाला. "एवढं पाणी कुठं कुठं वाटत बसशील?"

त्या संध्याकाळी जेवताना विक्रमनं वडिलांना सहज विचारलं. बापूसाहेब गावच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष होते.

"आबा, बिरदेव पाटकरी कसा माणूस होता?"

बापूसाहेबांनी घास पुरता चावला. "टेलला पाणी आणायचा," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "जेव."

सोमवारी पाणी सुटलं. मंगळवारी विक्रम निघाला.

पाण्याचं तोंड त्यानं नवव्या मैलाच्या अलीकडं गाठलं. कोरड्या पाटात पाणी येतं ते पाण्यासारखं येत नाही. पुढं फेस, त्यात पाचट, बाटल्या, एक चप्पल, पळणारे मुंगळे. आणि जमीन ओली होतानाचा बारीक चर्र आवाज. त्या तोंडाच्या बरोबरीनं भरावावर काळी सायकल चालली होती, पाण्याच्या चालीनं, इतकी हळू की सायकल आडवी पडायला हवी होती. ती पडत नव्हती. टळटळीत ऊन होतं. कांद्यात, उसात, बांधावर जितकी माणसं होती तितकी खाली बघत होती.

विक्रमनं विचारलं, अगदी लहानपणी आबांच्या खांद्यावरून विचारायचा तसं.

"पाटकरी, पाणी कुठवर आलं?"

खर्र आवाज बंद झाला. तेव्हा विक्रमला कळलं की गेले कित्येक दिवस तो आवाज त्याच्या कानात होता, घरी, झोपेत, सगळीकडं.

पाटकऱ्यानं एक पाय खाली टेकला. मुरमावर पायाचा ठसा उमटला नाही. त्यानं मागं वळून बघितलं. चेहरा भीतीदायक वगैरे नव्हता. फार दिवस रजा मागून दमलेल्या माणसाचा होता.

"तुमच्यापतूर आलंय," तो म्हणाला. "साहेब, जाऊ नगा."

पण सायकल वेगात होती, आणि खरं सांगायचं तर विक्रमनं ब्रेकला हातही लावला नाही. तो पुढं गेला. शेजारून जाताना त्याला पाटाच्या गाळाचा गार वास आला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "बसतो जरा." मागं बघितलं तेव्हा बाभळीखाली फक्त सावली होती.

दहावा मैल आला. अकरावा आला. विसाव्या मैलाला टेल आलं आणि मीटरनं बत्तीस दाखवले. पाय एकदाही खाली टेकला नव्हता. विक्रमला इतका आनंद झाला की त्याला पाच मिनिटं दुसरं काही दिसलं नाही.

मग शेवटच्या चारीवर बसलेल्या ताईबाई दिसल्या. टेलवरचं शेवटचं रान त्यांचं, दोन एकर कांदा. त्या विक्रमच्या लांबच्या मावशी लागायच्या, त्याला नेहमी 'ए इक्या' म्हणायच्या. आता त्यांनी त्याच्या चाकांमागची वाट बघितली. वाटेवर धूळ नव्हती. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि डोक्यावर पदर घेतला.

"या पाटकरी," त्या म्हणाल्या.

सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी आडवी बांधलेली होती. दांडीखाली जी छोटी पिशवी असते, पाण्याची बाटली आणि पंक्चरचं सामान ठेवायची, ती फुगली होती. विक्रमनं चेन उघडली. आत रजिस्टर होतं.

शेवटच्या पानावर बिरदेवची सही होती. त्याच्या वर आणखी नावं, मग मोडीतल्या ओळी, ज्या विक्रमला वाचता येईनात, मग नुसते अंगठे. तो पानं उलटत पहिल्या पानाकडं गेला. पहिलं पान कागदाचं लागेना, बोटांना भाजक्या मातीसारखं लागत होतं, आणि त्यावर चार आडव्या रेघा ओढल्या होत्या. तशा रेघा त्यानं शाळेच्या सहलीत बघितल्या होत्या, इनामगावच्या टेकाडात निघालेल्या खापरांवर. तीनेक हजार वर्षांपूर्वीचं गाव होतं म्हणे, आणि त्या गावाचा पाटसुद्धा सापडला होता. एवढं शाळेत शिकवलं होतं. पाट होता म्हणजे पाटकरी असणारच, हे शिकवलं नव्हतं.

त्यानं पुन्हा शेवटचं पान काढलं. बिरदेवच्या खाली लिहिलं होतं: विक्रम बापूसाहेब शितोळे, मंगळवार, दुपारी १२.४०, चार्ज घेतला. सही. त्यानं ती सही उजेडात धरून तपासली. नोकरीतली सवय. सही त्याचीच होती, बारीकशी चूकही नव्हती.

रजिस्टर त्यानं नौशादच्या दुकानात ठेवून बघितलं. घरी येईपर्यंत ते पिशवीत होतं. नौशादचा फोन आला. "माझ्याकडं नगं ठिवू गड्या. माझ्याकडं पंक्चरचा चार्ज हाय तेवढा बास." विहिरीत टाकलं, तर सकाळी पिशवीत, कोरडं.

आणि पाणी थांबलं.

जिथं विक्रमनं विचारलं होतं तिथंच, नवव्या मैलाला, पाण्याचं तोंड उभं राहिलं. बुधवारी तिथंच. गुरुवारी तिथंच. वरून जास्त सोडलं, तर मागं पाणी छातीभर चढलं, पण पुढं बोटभर सरकेना. पाटात पाण्याची एक भिंत उभी होती, ऊन आरपार जात होतं, आत ती चप्पल तरंगत होती. माणसं लांबून बघून जायची. हात लावायची कुणाची छाती नव्हती.

शुक्रवारपासून टेलची माणसं बापूसाहेबांच्या अंगणात येऊन बसू लागली. चहा घ्यायची, भिंतीला टेकवलेल्या ग्रॅव्हल बाईककडं बघायची, मग एकमेकांकडं. ताईबाई म्हणायच्या, "कांद्यानं माना टाकल्यात," आणि तेही सायकलीकडं बघून. बापूसाहेब म्हणायचे, "पोरगं रविवारी जायचंय." लोक म्हणायचे, "जाऊ द्या की, चांगली नोकरी हाय." आणि बसून राहायचे.

रविवारी बापूसाहेबांनी स्वतः पिकअपनं त्याला दौंडला सोडलं. नौशादही आला होता. स्टेशनवर बापूसाहेबांनी पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन दिल्या, मग तिसरी. गाडी आली. विक्रमला खिडकीची जागा होती.

"पोचल्यावर फोन कर," बापूसाहेब म्हणाले. त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला होता. गाडी हलली तरी तो लवकर निघाला नाही.

गाडी सुटली आणि विक्रमनं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. भीमेचा पूल गेला. सामानात रजिस्टर नव्हतं. त्यानं तीनदा बघितलं. तिकीट तपासनीस आला, विक्रमनं मोबाईल पुढं केला. तपासनीसानं त्याच्या बसलेल्या मांडीवरून पलीकडच्या बाईला सांगितलं, "ये सीट खाली है, सामान इधर रख लो." तिनं पिशवी ठेवली. विक्रमनं ती शांतपणे मांडीवर घेतली. जाणं महत्त्वाचं. दिसणं चेन्नईला गेल्यावर बघू.

कुर्डुवाडी गेली. त्यानं चहावाल्याच्या हातातला कप स्वतःच उचलला. पहिला घोट घेणार, तेवढ्यात त्याला स्पष्ट ऐकू आलं, कानाशी नाही, आतून:

"पाटकरी, पाणी कुठवर आलं?"

त्याचा एक पाय आपोआप खाली टेकला. पायाखाली मुरूम होता.

"नवव्या मैलाला," त्याच्या तोंडून निघालं.

हातात चहाचा कागदी कप होता, अजून वाफ येत होती. समोर पाण्याची भिंत होती. शेजारी बाभळीला त्याची सायकल टेकवलेली होती. आणि भरावावर, दौंडला नेसलेलं पांढरं धोतर तसंच, बापूसाहेब उभे होते. ते त्याच्याकडं बघत नव्हते. त्यांचं लक्ष पाटातल्या चपलेकडं होतं.

"बसायला जागा मिळाली व्हती का?" त्यांनी विचारलं.

"मिळाली होती."

"खिडकीची?"

"हो."

"बरं झालं."

पाटात काही हलत नव्हतं. लांब उसात कुणीतरी खोकलं.

"आबा, तुम्ही विचारलं?"

"चाळीस घरं हायत टेलला, विक्रम."

"आणि मी?"

"तुझा इचार केला की." बापूसाहेबांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं, मग तसंच धरून ठेवलं. "लोक म्हणत व्हते, गाडी सुटली की लगीच इचारा. म्या म्हणलं, न्हाई. कुर्डुवाडी जाऊ द्या. तेवढाच त्याचा प्रवास हुईल."

विक्रमनं चहा संपवला. मग सायकलवर बसला, कारण पायांना दुसरं काही सुचत नव्हतं. पहिलं पॅडल फिरलं तसा पाण्याच्या तोंडातून चर्र आवाज आला आणि ते सरकलं. बापूसाहेब मागून चालत आले, दहाव्या मैलापर्यंत, मग अकराव्या. विक्रमच्या पुढं मात्र आले नाहीत. त्यांच्यासाठीही ती रीत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईबाईंचा कांदा भिजला.

याला आता सात महिने झाले. विक्रम आहे की गेला, याबद्दल इनुसचाचा आणि नौशाद यांच्यात मतभेद आहेत. चाचा म्हणतात आहे, कारण मैलाच्या दगडावर ठेवलेला डबा रोज रिकामा होतो. नौशाद म्हणतो गेला, कारण सात महिन्यांत बाभळीच्या काट्यांतनं एक पंक्चर नाही, असं जिवंत माणसाच्या बाबतीत होत नाही. तरी रोज बारा वाजता तो दुकान बंद करून आपल्या सायकलीनं विक्रमच्या मागं मागं जातो, दोन खांबांचं अंतर ठेवून, आणि मोठ्यानं बाजारच्या गप्पा सांगतो. एकदा गप्पा संपल्या तेव्हा त्यानं विचारलं होतं, "इक्या, म्या जाऊ का फुडं?" पाऊण मैल गेल्यावर पुढून आवाज आला, "आणि दुकान कोण बघणार? चाचा?" नौशादनं पुन्हा विचारलं नाही. विक्रमनं ब्रेक दाबून, सायकल आडवी लावून आपल्याला थांबवलं असतं, हे त्याला माहीत होतं. या खेपेला पाटकरी ब्रेकवाला आहे.

चार्ज काढून घ्यावा म्हणून विक्रम करतो ते अर्ज पाटबंधारे कार्यालयात नौशादच नेतो. पहिला अर्ज परत आला: असे पद या कार्यालयात नाही. दुसराही परत आला: पद नसल्याने कार्यमुक्त करता येत नाही, आधी पद निर्माण करावे लागेल, त्यासाठी पाणी वापर संस्थेचे ना हरकत पत्र जोडावे. संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब. ते पत्र त्यांच्याकडं उशीखाली आहे. रोज झोपताना ते पेन काढतात, मग टेलच्या दिशेनं पाटाचा आवाज ऐकत पडून राहतात. उन्हाळी पाळी पुन्हा यायची आहे. पत्रावर सही झालेली नाही.

म्हणून तिसरा अर्ज विक्रमनं वेगळा लिहिला, रजिस्टरच्याच कोऱ्या पानावर, वळणदार अक्षरात. नौशादनं तो परवा आवक-जावकच्या खिडकीत दिला आणि पोच घेतली. तो असा:

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता

विषय : अस्तित्वात नसलेल्या पदाचा कार्यभार हस्तांतरित करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, अर्जदार हा दिनांक नमूद नसलेल्या आदेशान्वये कालव्यावर अखंड कर्तव्यावर असून, त्याने आजपावेतो एकही पाळी चुकविलेली नाही. अर्जदारास अन्यत्र रुजू व्हावयाचे होते, ती मुदत उलटून गेली आहे. पद निर्माण करण्यास लागणारा कालावधी विचारात घेता, सुलभ पर्याय पुढीलप्रमाणे सुचविण्यात येत आहे. तरी मा. महोदयांनी पुढील पाळी चालू असताना, कार्यालयीन वेळेत, दुपारी बाराच्या सुमारास, सायकलने अथवा आपल्या सोयीच्या कोणत्याही शासकीय वाहनाने नवव्या मैलावर समक्ष येऊन, अर्जदारास पाणी कुठवर आले असे एकवार विचारावे व त्याच्या पुढे जावे, ही नम्र विनंती.